गाडीवरच्या दोन तिरप्या रेघा

आमच्या घरात तेव्हा सकाळ दोन आवाजांनी व्हायची. पहिला आबांचा. ते वाड्याच्या तोंडाचं झाप बाजूला सारायचे आणि घशातून एक लांबट हाळी काढायचे, की सगळ्या मेंढ्या एकदम खोकत, शिंकत उठायच्या. वाडा म्हणजे बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण, घरापासून दहा-बारा पावलांवर. दुसरा आवाज माझ्या गाडीच्या किकचा. पहिल्या किकला ती कधीच उठायची नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या किकला फटफटली की कोकरं बिथरून आयांच्या पोटाखाली शिरायची. आबा तिकडून काहीतरी पुटपुटायचे. मी मुद्दाम एकदा जास्त रेस करायचो. करमाडच्या अलीकडं, जालना रस्त्यापासून आत माळावर आमचं पत्र्याचं घर होतं, शेजार लांब होता, आणि एवढ्या मोकळ्या माळावर आम्हा दोघा बापलेकांना एकमेकांचा आवाज खपत नव्हता.

आम्ही बोलत नव्हतो असं नाही. मायमार्फत बोलायचो. माय चुलीपुढं भाकरी थापत असायची, तिच्या डाव्या बाजूला आबा, उजव्या बाजूला मी. "त्याला म्हण, ती फटफटी लांब लाव, गाभण्या मेंढ्या हायेत," आबा म्हणायचे. "त्यांना म्हण, मेंढ्या लांब बसवा, सीटला वास लागतो," मी म्हणायचो. माय दोन्ही हातांनी भाकरी फिरवत म्हणायची, "मी काय टेलिफोन हाय का तुमचा? गिळा गप." मग ती तव्यावरची पहिली भाकरी आबांना द्यायची आणि पापुद्रा चांगला सुटलेली दुसरी मला. मेंढीच्या दुधाचा घट्ट चहा, त्यावर सायीचा तवंग, आणि ठेच्यात भरपूर लसूण. त्या चहाचा वास मला त्या वयात सहन होत नव्हता. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला लागलो होतो आणि माझ्या कपड्यांना लोकर, लेंड्या, दूध, कशाचाही वास येऊ नये म्हणून युनिफॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खुंटीला टांगायचो. आबांच्या मनाला ती पिशवी फार लागायची. एकदा ते मायला म्हणाले, "साहेबाचं कापड बघ, आपल्या घरातली हवा बी त्याला चालंना." मी ते ऐकलं आणि पिशवीला आणखी एक गाठ मारली. आज हे लिहिताना ती गाठ बोटांना जाणवते. पण तेव्हा मला वाटत होतं, बरोबर आपलंच आहे.

गाडी निळी होती. तसा गर्द चकचकीत निळा रंग आमच्या माळावर दुसरा कुठंच नव्हता. ती घरी आणली तेव्हा मायनं ओवाळली, हँडलला हार घातला. आबा वाड्याशी उभे होते. जवळ आले, गाडीभोवती एक फेरी मारली, बाजारात जनावर बघतात तशी मागून बघितली, आणि मायला विचारलं, "दात किती हायेत म्हणावं ह्याला?" माय हसली. मी नाही हसलो. मग ते म्हणाले, "निशाणी कुठं लावायची?"

ही निशाणी म्हणजे आमच्या घराची खूण. माळावर दहा जणांच्या मेंढ्या एकत्र येतात, पाण्यावर मिसळतात. म्हणून प्रत्येक घराची रंगाची वेगळी खूण असते. आमची उजव्या पुठ्ठ्यावर दोन तिरप्या तांबड्या रेघा. कोकरू पायावर नीट उभं राहिलं की आबा बोट रंगात बुडवून स्वतः त्या रेघा ओढायचे. ब्रश वापरायचे नाहीत. आणि एक रीत होती: ती खूण पुसायची वेळ एकदाच यायची, जनावर दुसऱ्याच्या हवाली करताना. मालक स्वतः घासलेटाच्या चिंधीनं खूण पुसायचा, आणि पुसलेलं जनावर पुन्हा वाड्यात घ्यायचं नाही. मी लहानपणापासून हे बघत आलो होतो. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

"गाडीला कसली निशाणी लावता," मी म्हणालो. "नंबर असतो तिला." आबांनी बोट धोतराला पुसल्यासारखं केलं आणि गेले.

आमचा एडका होता बाशिंग्या. काळाकुट्ट, पण कपाळावर पांढऱ्या लोकरीचा झुपका, नवरदेवाच्या बाशिंगासारखा. अख्ख्या कळपाला तो एकच नर. आजूबाजूच्या गावांतले धनगर त्याची पैदास मागायला यायचे, तेव्हा आबा उकिडवे बसून तंबाखू मळत त्यांना ताटकळत ठेवायचे. आबांना आयुष्यात मान मिळाला तो बहुतेक त्या एडक्यामुळं. माझ्यामुळं तर नाहीच. हे बाशिंग्यालाही माहीत असावं, कारण मी वाड्याजवळून गेलो की तो मान खाली घालून पाय आपटायचा.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं मेंढ्यांना रंगवतात. त्या सकाळी आबांनी तांबड्या ऑइल पेंटचा डबा उघडला होता आणि बाशिंग्याची दोन्ही शिंगं बुडापासून टोकापर्यंत रंगवली होती. मी दारात गाडी पुसत होतो. कारखान्याला सुट्टी होती, मित्रांबरोबर शहरात जायचं होतं. टाकी मी इतकी पुसली की तिच्यात माझे दात दिसत होते. पाण्याची बादली आणायला मी घरात वळलो आणि मागं धाडकन आवाज झाला. बाहेर आलो तर गाडी आडवी, आणि बाशिंग्या चार पावलं मागं सरकून पुन्हा डोकं खाली घालत होता. दुसरी धडक मी बघितली. टाकीवरच बसली. मग तो थांबला, वाकून टाकीत बघायला लागला, आणि त्याच्याकडं बघणाऱ्या तांबड्या शिंगांच्या एडक्यावर त्यानं शिंग घासलं, कर्र करत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

टाकीला वाटीएवढा खड्डा पडला होता. त्याच्यातून वीतभर लांब ओरखडा गेला होता, खालचा पत्रा दिसेल इतका खोल, आणि त्याच्या दोन्ही काठांना शिंगाचा तांबडा रंग लागला होता. बाशिंग्याच्या उजव्या शिंगावर माझ्या गाडीचा निळा रंग होता.

आबा हसले. ते हसू मी विसरलेलो नाही. पोट धरून हसले असते तर चाललं असतं. ते ओठ मिटून, नाकातून हसले. "त्याला वाटलं, परक्या वाड्यातला नर आलाय," मायला म्हणाले. "निशाणी नाय ना त्याच्यावर."

"विकून टाका त्याला," मी म्हणालो. पहिल्यांदाच थेट त्यांना म्हणालो. "नायतर मी घर सोडतो."

"जा की," आबा म्हणाले. "एडका गेला तर कळप जातो. पोरगं गेलं तर एक भाकरी वाचती."

मायनं हातातलं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. त्या पाडव्याला आमच्या घरी पुरणपोळी केली होती आणि ती दोन दिवस तशीच टोपल्यात राहिली. शेवटी मायनं ती कुस्करून मेंढ्यांच्या पुढं टाकली.

ब्रेकचा दांडा वाकल्यामुळं मला गाडी चालवता येत नव्हती. कामाला मी काळीपिवळीनं जायला लागलो. एक दिवस संध्याकाळी परत आलो तर गाडी दारात सरळ उभी, दांडा सरळ केलेला, आणि टाकीवर काहीतरी भयंकर झालेलं. खड्डा आणि ओरखडा शिंगाच्या तांबड्या रंगानं भरला होता, एकावर एक थर देऊन, ओघळ आलेले. बाकीची सगळी टाकी मुकी झाली होती. चमक नावाला उरली नव्हती. आबांनी ती चुलीतली राख आणि काथ्यानं घासली होती. आणि उजव्या बाजूला, सीटखालच्या पत्र्यावर, दोन तिरप्या तांबड्या रेघा.

"दिवसभर बसला होता," माय हळूच म्हणाली. "मेंढ्या बी सोडल्या नाय आज."

आबा वाड्याच्या तोंडाशी बसले होते. मायकडं बघून पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता एडक्याला त्याच्यात तोंड दिसायचं नाय. आणि दिसलं तरी निशाणी हाय. मारायचा नाय."

यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. त्यांनी ते मन लावून केलं होतं की मला चिडवायला, हे मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं, दिवसभर मेंढ्या उपाशी ठेवून कुणी थट्टा करत नाही. कधी ते नाकातलं हसू आठवतं. पण त्या संध्याकाळी माझ्या मनात असले दोन विचार नव्हते. एकच होता.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन कारखान्यात जाणं भाग होतं, कारण शिफ्ट बदलली होती आणि त्या वेळेला काळीपिवळी मिळत नसे. गेटवर वॉचमननं टाकीकडं बघितलं, मग त्या रेघांकडं. तोही आमच्याच भागातला, त्याला खूण कळली. "का रे, मेंढ्यांच्या खांडातनं सुटून आलास का?" तो म्हणाला. स्टँडला गाडी लावताना मागून कुणीतरी मेंढीसारखं ओरडलं, आणि मग जेवणाच्या सुट्टीत, हात धुताना, शिफ्ट सुटताना, सगळीकडून तोच आवाज. "ह्याला पुढून वढायचं का मागून हाकायचं?" माझा डबा खाणारी पोरं होती ती. मीही हसलो त्यांच्याबरोबर. पिशवीत बांधून ठेवलेलं सगळं असं उघड्यावर आलं होतं.

शिफ्ट सुटल्यावर तसाच शहरात गेलो. जुन्या शहरात एका बोळात रहीमभाई नावाच्या डेंटर-पेंटरचं दुकान होतं. तोंडाचा फार वाईट माणूस. गाडी बघून त्यानं बिडी तोंडातून काढली. "ये किसने करा?"

"घरातल्यांनी."

"घरवाले हैं या दुश्मन? ये ऑइल पेंट है मियां, दरवाजे का. टंकी पे कौन लगाता? और ये घासा काहे से, नारियल की रस्सी से?" त्यानं नखानं ओघळ उचकटला, सीटखालच्या रेघा बघितल्या आणि बोळातल्या पोरासोरांना हाका मारून टाकी दाखवली. "आओ रे, देखो, मेंढी पे बैठ के आया भई." मग मला म्हणाला, "छोड़ के जा. रंग कंपनी जैसा नक्को बोल. उन्नीस-बीस होएंगा."

मधल्या दिवसांत रस्त्यावर मिळेल त्या गाडीला हात करून कामाला जायचो. एकदा रंगकाम बघायला गेलो. थिनर लावल्यावर आबांचा तांबडा रंग चिकट होऊन सालपटासारखा निघत होता. रहीमभाईनं खड्ड्यात लांबीची पुट्टी भरली होती, पाणी शिंपडत ती पॉलिश पेपरनं सपाट केली होती. टाकी करड्या प्रायमरमध्ये अगदी नागडी दिसत होती. बाजूच्या पत्र्यावरच्या दोन रेघा अजून तशाच होत्या. "ये भी निकालूं क्या? निशानी दिखती किसी की," तो म्हणाला. "काढा," मी म्हणालो. "नाही, थांबा. मीच काढतो." त्यानं मला चिंधी दिली आणि मी त्या रेघा माझ्या हातानं पुसल्या. घासलेटापेक्षा थिनरनं फार लवकर पुसल्या जातात. अर्धी बाटली उरली होती, ती मी मागून घेतली.

गाडी घेऊन आलो तेव्हा ऊन कलत होतं. रंग खरंच थोडा गडद झाला होता, पण चमक होती. आबा मेंढ्या आत घेत होते. बाशिंग्या मोकळाच होता. त्यानं मान वर करून टाकीकडं बघितलं, पाय आपटला. मी गाडी स्टँडला लावली, सरळ जाऊन त्याचं शिंग धरलं. तो कोकरू असताना त्याला मी बाटलीनं दूध पाजलं होतं, म्हणूनच बहुतेक त्यानं धरू दिलं. चिंधी थिनरमध्ये भिजवली आणि त्याच्या उजव्या पुठ्ठ्यावरच्या दोन्ही रेघा पुसून काढल्या. तो शिंकत राहिला. आबा काठी टेकून बघत होते. हात धरायला, एक शब्द बोलायला त्यांना भरपूर वेळ होता.

"आता ह्याच्यावर बी नाय निशाणी," मी म्हणालो. "बघू कोण कुणाला मारतं."

माय धावत बाहेर आली. पिठाचे हात. "अरे ए मुडद्या, काय केलंस हे?" मला म्हणाली, आणि मग आबांना, "पोरकटपणा हाय हो. डबा आणते. बोट बुडवा आणि लावा परत. कुणी बघितलं नाय."

"मी बघितलं," आबा म्हणाले. "पुसली. गेला तो."

एक बोट रंगात बुडवायचं होतं. त्यांनी बुडवलं नाही. चुकलं एवढं मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. माय आमच्यामध्ये डबा घेऊन उभी राहिली, झाकण उघडून, कितीतरी वेळ. मग तिनं झाकण लावलं. त्या रात्री बाशिंग्या वाड्याबाहेर बांधलेला होता आणि आतल्या मेंढ्या त्याला ओरडत होत्या.

सकाळी आबा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मायमार्फत नाही. "गाडी काढ," म्हणाले. सिल्लोडच्या अंगाला एक धनगर होता, बाशिंग्यासाठी वर्षानुवर्षं त्यांच्यामागं लागलेला. त्याला फुकट द्यायला निघाले होते. आबांनी बाशिंग्याचे पाय बांधले आणि त्याला उचलून माझ्यापुढं टाकीवर आडवा घातला. मी म्हणालो, "मागं घ्या, मधी." ते म्हणाले, "पुढंच ऱ्हाऊ दे. बघू दे त्याला तोंड."

लाडसावंगीवरून पुढं रस्ता तेव्हा फार खराब होता. बाशिंग्याची मान माझ्या डाव्या दंडावर होती, त्याचा गरम श्वास मनगटावर येत होता. हँडलच्या आरशात त्याला तो दुसरा एडका दिसायचा आणि तो मान झटकायचा, आणि प्रत्येक झटक्याला शिंग टाकीवर कर्र करायचं. मला प्रत्येक ओरखडा ऐकू येत होता. थांबवू शकत होतो, त्याची मान फिरवून धरू शकत होतो. आबा मागं होते, पण त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला नाही. मागच्या कॅरिअरला धरून बसले होते. अख्ख्या वाटेत ते एकदाच बोलले. फुलंब्रीच्या पुढं मी खड्डा चुकवायला जोरात ब्रेक मारला तेव्हा म्हणाले, "हळू. गाभण नाय, पण जीव हाय."

त्या धनगराचा विश्वासच बसेना. "आबा, खरंच देता व्हय? काय झालं काय?" विचारत राहिला. आबा म्हणाले, "पोराला नको हाय." त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मग तिथल्या तिथं पिवळ्या रंगाचं बोट बाशिंग्याच्या डाव्या पुठ्ठ्यावर गोल फिरवलं. बाशिंग्याच्या उजव्या शिंगावर माझा निळा रंग होता. जुना, फॅक्टरीचा निळा आणि त्यावर रहीमभाईचा गडद निळा. आम्ही निघालो तेव्हा तो ओरडला नाही. आबांनी वळून बघितलं नाही. मी आरशात बघितलं.

एडका गेल्यावर पैदास दुसऱ्याच्या नरावर अवलंबून राहिली, ताटकळत बसायची पाळी आबांवर आली. कळप कमी होत गेला, पण एकदम नाही. मी घर सोडलं नाही. तिथंच राहिलो, त्याच चुलीपुढं, त्याच डाव्या-उजव्या बाजूला. टाकीवरचे ओरखडे मी पुन्हा दुरुस्त केले नाहीत. त्यांच्यातून हळूहळू गंज आला.

पुढच्या पाडव्याला आबांनी डबा उघडला. शिंगं रंगवली, ज्यांच्या निशाण्या पुसट झाल्या होत्या त्यांच्या पुन्हा ओढल्या. मी त्या दिवशी गाडी वाड्याच्या अगदी जवळ लावली होती. उजवी बाजू त्यांच्याकडं करून. टाकी पुसत उभा राहिलो, पुसण्यासारखं काही नसताना. आबा शेवटचं कोकरू सोडून उठले, बोटावर रंग होता. माय म्हणाली, "उरलाय तर तिला बी लावा की." ते गाडीपाशी आले, थांबले. पत्र्याच्या ज्या जागेवर त्या रेघा होत्या, नेमकं तिथं बघितलं.

"ती नाय आपली," मायला म्हणाले. "पुसून आणलीय." आणि घासलेटाच्या चिंधीनं बोट स्वच्छ करून आत गेले.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी संभाजीनगरात मुकुंदवाडीला राहतो, मेंढ्या नाहीत, वाड्याच्या जागी नुसती बाभळ वाढली आहे. गाडी मात्र मी विकली नाही. मुलं हसतात, पण महिन्यातून एकदा ती घेऊनच मी मायला भेटायला जातो. गेल्या खेपेला घराच्या पत्र्याखाली तो तांबड्या रंगाचा डबा सापडला. रंग आटून दगड झाला होता. मी करमाडच्या दुकानातून थिनर आणलं, ओतलं, काडीनं ढवळत बसलो. बऱ्याच वेळानं तळाशी थोडा रंग सुटला. बोट बुडवलं आणि गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन वाकलो.

माय ओट्यावर बसून बघत होती. तिला आता कमी दिसतं, पण हे दिसलं. "जनावर आपली आपण निशाणी लावून घेत नाय रे," म्हणाली.

"मग तू लाव," मी म्हणालो.

ती उठली नाही. मी मग बोट पुसायला इकडंतिकडं चिंधी शोधायला लागलो, तशी ती म्हणाली, "पुसायची सवय गेली नाय तुझी अजून."

मी चिंधी शोधणं सोडलं. बोट तसंच ठेवून किक मारली, तिसऱ्या की चौथ्या किकला गाडी उठली, आणि मी निघालो. घरी पोचलो तेव्हा बोटावरचा रंग निम्मा निघून गेला होता. हँडलच्या उजव्या मुठीच्या रबराला लागला होता.